यलोस्टोन : वणवा आणि वनाचे पुनरुज्जीवन

वणव्यात होरपळलेले वन पुन्हा कसे उभे राहते आणि बदलत्या हवामानात ते कुठे अडते, हे समजून घेण्यासाठी जगात सर्वांत बारकाईने अभ्यासले गेलेले ठिकाण म्हणजे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. १८७२ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान मुख्यतः वायोमिंग राज्यात असून त्याच्या कडा मोंटाना व आयडाहो राज्यांत शिरतात. त्यातील सुमारे ८० टक्के वनावर लॉजपोल पाइन या एकाच सूचिपर्णी वृक्षाचे राज्य आहे.

१९८८ चा वणवा : त्या वर्षी वसंतात पाऊस बरा झाला, पण जूनपासून आभाळ कोरडे राहिले. उद्यानाच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा उन्हाळा ठरला. विजा पडून लागलेल्या आणि माणसाच्या हातून लागलेल्या अनेक आगी वाऱ्याने एकमेकींत मिसळल्या. त्यांतील सर्वांत मोठी, नॉर्थ फोर्क नावाची आग, माणसाच्या निष्काळजीपणातून उद्यानाच्या हद्दीबाहेर लागली आणि नंतर आत शिरली. २० ऑगस्ट या एकाच दिवशी दीड लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर आग फिरली. तो दिवस तिथे ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला जातो. हंगामभरात २५ हजारांहून अधिक लोक आग विझवण्याच्या कामी लागले आणि सुमारे १२ कोटी डॉलर खर्च झाले. तरी आगीचा जोर ओसरला तो ११ सप्टेंबरला पडलेल्या पावसाने व बर्फाने. उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग, म्हणजे जवळजवळ ३ लाख २१ हजार हेक्टर, आगीच्या टप्प्यात आला होता.

त्यावर देशभर संताप उसळला. निसर्गतः लागलेली आग, वस्तीला धोका नसेल तर, जळू द्यावी हे धोरण उद्यानाने १९७२ पासून स्वीकारले होते आणि जुलैच्या उत्तरार्धापर्यंत काही आगी त्यानुसार जळू दिल्या गेल्या. वर्तमानपत्रांनी ‘यलोस्टोन संपले’ असाच सूर लावला. तो सूर चुकीचा होता; वृक्षवलयांच्या अभ्यासातून १७०० च्या आसपासही इथे अशाच प्रचंड आगी लागल्याचे दिसत होते आणि १९८८ मध्ये जळालेले जुने वन त्याच राखेतून उगवलेले होते.

बीजाची तरतूद : साग किंवा पळस जळाला तर बुंध्यातून, मुळांतून फुटवे काढतो. लॉजपोल पाइनला ते जमत नाही. त्याची साल पातळ असते, शेंड्यांवरून धावणारी आग आली की झाड मरतेच. पुनरुज्जीवनाची सगळी भिस्त बियांवर. अनेक झाडांचे शंकू राळेने घट्ट बंद असतात आणि वर्षानुवर्षे फांद्यांवर तसेच राहतात. तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की राळ वितळते, खवले उघडतात आणि पुढच्या काही दिवसांत बिया उघड्या, ऊन मिळणाऱ्या, राखेने सुपीक झालेल्या जमिनीवर पडतात. अनेक वर्षांची साठवण एका हंगामात पेरली जाते. सर्वच झाडे बंद शंकूंची नसतात, हेही महत्त्वाचे : आग जिथे त्यामानाने वारंवार येते त्या कमी उंचीच्या भागात अशा झाडांचे प्रमाण जास्त, उंचावर कमी.

मोनिका टर्नर आणि विल्यम रॉम यांच्यासह अनेक वनशास्त्रज्ञांनी या भागाचा दशकानुदशके मागोवा घेतला. त्यांना आढळलेली विविधता थक्क करणारी आहे. काही जागी हेक्टरी एकही रोप नव्हते, तर काही जागी पाच लाखांहून अधिक. एकाच वणव्याने, एकाच जातीच्या वृक्षाने, काही किलोमीटरच्या अंतरात इतके वेगळे वन घडवले. ‘जळालेले क्षेत्र’ या एका शब्दात हे मावत नाही, आणि सरासरी आकड्यावर विसंबून वनाचा निवाडा करणे किती फसवे असते हे इथे स्पष्ट दिसते.

आगीने सर्वत्र सारखेच जाळलेही नव्हते. पूर्ण करपलेल्या पट्ट्यांमध्ये अर्धवट जळालेले व हिरवे तुकडे शिल्लक होते. तीव्र जळालेल्या क्षेत्राचा बराच भाग अशा तुकड्यांपासून ५० ते २०० मीटरच्या आत होता. स्प्रूस व फर यांच्या बिया वाऱ्याने तिथूनच आल्या. जमिनीतली उष्णता बहुतेक ठिकाणी वरच्या एक-दोन सेंटिमीटरपुरतीच मारक ठरल्याने गवते आणि रानफुलांची मुळे वाचली व पुढच्याच वर्षी माळ फुलले. एरवी मुळांच्या फुटव्यांवर वाढणाऱ्या ॲस्पेनची बियांपासून उगवलेली रोपे जळालेल्या पाइनवनात मोठ्या संख्येने दिसली. अभ्यासकांना याची अपेक्षा नव्हती. करपलेल्या खोडांत भुंगेरे शिरले, त्यांच्यामागे सुतारपक्षी आले. उद्यानाने रोपे लावली नाहीत आणि जळकी खोडेही काढून नेली नाहीत. वन स्वतःच्या बळावर परतले.

दोन वणव्यांमधील अंतर : या यशाला एक अट होती आणि ती तेव्हा फारशी बोलली गेली नाही. इथे एकाच जागी मोठी आग पुन्हा येण्यास पूर्वी साधारण १०० ते ३०० वर्षे लागत. त्या अवधीत झाडे वाढतात, शंकू धरतात, बियांचा साठा भरतो. तरुण झाडोरा सहसा जळत नाही, असाही समज होता. १९८८ चे क्षेत्र पुढच्या आगींना आडवे येईल असे गृहीत धरले गेले. २०१६ मध्ये मेपल नावाच्या आगीने सुमारे १८ हजार हेक्टर क्षेत्र व्यापले आणि त्यात १९८८ नंतर उगवलेले, अवघे २८ वर्षांचे वन मोठ्या प्रमाणावर जळाले. शेजारच्या ग्रँड टेटन उद्यानातही त्या वर्षी तरुण वन पेटले. टर्नर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, अशा लवकर पुन्हा जळालेल्या जागी नव्या रोपांची घनता सुमारे सहा पटींनी घटली. १९८८ मध्ये मेलेल्या झाडांचे ओंडके पहिल्या वणव्यानंतर शिल्लक होते, दुसऱ्यात त्यांची राख झाली. जमिनीवर त्यांचे फक्त फिकट आकार उरले. साठलेला कार्बन भरून निघायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागेल असा त्यांचा अंदाज आहे.

हे अंतर घटण्यामागे तापमानवाढ आहे. बर्फ लवकर वितळतो, आगीचा हंगाम लांबतो, जमिनीवरचे इंधन अधिक दिवस कोरडे राहते. ॲन्थनी वेस्टरलिंग व सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासाने असा अंदाज वर्तवला की, या शतकाच्या मध्यापर्यंत यलोस्टोनच्या परिसरात हे अंतर ३० वर्षांहूनही कमी होऊ शकते. लॉजपोल पाइनच्या बियांच्या साठ्याला इतका अवधी पुरत नाही.

रोपांचा ओलावा : बी पडले म्हणजे रोप जगेलच असे नाही. मोठे झाड खोल मुळांवर दुष्काळ काढते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे रोप मात्र वरच्या काही सेंटिमीटर मातीतल्या ओलाव्यावर जगते. त्यामुळे बदललेल्या हवामानात जुने वन वर्षानुवर्षे शाबूत दिसते आणि ते पुन्हा उगवू शकत नाही हे वणव्यानंतरच उघड होते. रॉकी पर्वतरांगांतील ५२ वणव्यांच्या १,४८५ जागांचा अभ्यास हेच सांगतो : विसाव्या शतकाच्या अखेरीस जळालेल्या जागांपैकी १९ टक्के ठिकाणी रोपे अजिबात आढळली नाहीत, तर २००० नंतर जळालेल्या जागांत हे प्रमाण ३२ टक्क्यांवर गेले. सर्वाधिक फटका कमी उंचीवरच्या, आधीच कोरड्या वनांना बसतो. तिथे पाइन व डग्लस फरच्या जागी गवत आणि झुडपे स्थिरावतात.

आगीशी जुळवून घेतलेले मोठे वृक्षही आता सुरक्षित नाहीत. कॅलिफोर्नियातील जायंट सिक्वोया हा वृक्षही बियांसाठी आगीवरच अवलंबून आहे, शिवाय त्याची जाड साल साध्या आगीला दाद देत नाही. तरीही २०२० च्या कॅसल वणव्यात जगातील मोठ्या सिक्वोयांपैकी १० ते १४ टक्के दगावल्याचा अंदाज आहे.

उपाय : जमिनीलगतच्या हलक्या आगींची सवय असलेल्या पाँडेरोसा पाइनच्या वनांत आधीच नियंत्रित आग लावून पालापाचोळा जाळण्याचा मोठा उपयोग होतो. यलोस्टोनच्या लॉजपोल वनाला तो उपाय लागू पडत नाही, कारण तिथली स्वाभाविक आगच झाडे मारणारी असते. रोपलागवड खर्चिक आहे आणि लाखो हेक्टरांना पुरणारी नाही. बीजदायी झाडे दूर राहिलेल्या मोजक्या जागांपुरती ती योग्य ठरते. व्यवस्थापनाच्या हातात खऱ्या अर्थाने एकच गोष्ट उरते : तरुण वनाला बियांचा साठा भरेपर्यंत दुसऱ्या आगीपासून वाचवणे. आग जळू देण्याचे १९७२ चे धोरण मुळात योग्य होते, पण नुकत्याच उगवलेल्या झाडोऱ्याला ते सरसकट लावणे आता चुकीचे ठरेल. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटले नाही, तर असे संरक्षणही फार काळ पुरणार नाही.