मानमंदिराचे चक्र आणि एन्कोडरची चकती

वाराणसीच्या मानमंदिर घाटावरील हवेलीच्या गच्चीवर एक धातूचे चक्रयंत्र आहे. लोखंडी कड्यावर पितळेचे आवरण, व्यास साडेतीन फुटांहून किंचित अधिक, आणि कडेवर अंशांच्या रेषा. पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असलेल्या आसावर हे चक्र फिरते. ताऱ्याचा वेध घ्यावयाचा आणि कडेवरील रेषेवरून त्याची क्रांती वाचावयाची, अशी त्याची योजना.

आजच्या कारखान्यातील मोटारीच्या टोकाशी अशीच एक चकती बसविलेली असते. तिच्या कडेला समान अंतरावर खाचा असतात. एका बाजूस प्रकाश, दुसऱ्या बाजूस संवेदक. चकती फिरली की प्रकाश खंडित होतो, त्या खंडांची मोजणी होते आणि मोटार किती अंश वळली ते कळते. ही एन्कोडरची चकती. दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच: वर्तुळाचे सारखे भाग पाडावयाचे कसे?

सवाई जयसिंहाने (१६८८–१७४३) या प्रश्नाला दिलेले उत्तर आकाराचे होते. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांवर कला कोरता येत नाहीत, आस झिजतात, केंद्र सरकते, अशी त्याची तक्रार त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत आहे. म्हणून त्याने दगड आणि चुना पत्करला. मानमंदिरातील सम्राट यंत्राच्या चापाची त्रिज्या सुमारे ९ फूट आहे. तेवढ्या त्रिज्येवर एक अंश जवळजवळ ४८ मिलिमीटर लांब होतो आणि एक पळ, म्हणजे २४ सेकंद, पाच मिलिमीटरांच्या आत बसते. पाथरवटाच्या छिन्नीला इतके अंतर पुरेसे आहे.

परंतु सूर्यबिंब स्वतःच अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कड या चापावर सुमारे २५ मिलिमीटर पुसट होते. त्रिज्या वाढविली की पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढतो. जयसिंहाच्या उपायाची मर्यादा दगडात नव्हती, सूर्यात होती.

एकोणिसाव्या शतकात या यंत्रांचे वर्णन एका मराठी पंडिताने लिहिले. पुण्यात जन्मलेले (१८२१), नागपुरात शिकलेले बापूदेवशास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित व ज्योतिष शिकवीत. ‘सूर्यसिद्धान्ता’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग काढण्याचा त्यांचा आग्रह होता. गणिताने आलेले स्थान आणि डोळ्यांना दिसणारे स्थान यांत अंतर पडले तर तिथी कोणती मानावयाची, हा काशीत केवळ विद्वानांचा वाद नव्हता; व्रते आणि श्राद्धे त्यावर ठरत असत.

त्यापूर्वीच १७७७ साली लंडनमध्ये दोन लेखने प्रकाशित झाली. १७७२ मध्ये काशीस येऊन गेलेल्या रॉबर्ट बार्कर यांनी मानमंदिराचा वृत्तान्त रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दिला. त्याच वर्षी जेसी रॅम्सडेन यांच्या विभाजन यंत्राचे वर्णनही छापले गेले. ४५ इंचांचे चाक, त्याला २१६० दाते, आणि त्यांत गुंतलेले मळसूत्र. मळसूत्राचा एक फेरा म्हणजे बरोबर १० कला. मात्र हे दाते पाडावयाचे तरी कसे? रॅम्सडेन यांनी एकामागून एक पाऊल टाकीत वर्तुळ मोजले नाही. आधी पाच भाग केले, प्रत्येकाचे तीन, मग चार वेळा निम्मे. असे २४० भाग झाल्यावर प्रत्येकात नऊ दाते. एका भागातली चूक पुढच्या भागात सरकत नाही, हे या पद्धतीचे मर्म.

सीएनसी यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास नेमका हाच धडा गिरवावा लागतो. समजा १०२४ खाचांची चकती कापावयाची आहे. एका खाचेचे अंतर ०.३५१५६२५ अंश. यंत्र दशांशानंतर तीनच स्थळे घेत असेल तर ते ०.३५२ होते. जी-९१ ही आज्ञा देऊन ‘आहे तेथून आणखी इतके वळ’ असे यंत्राला पुन्हा पुन्हा सांगितले, तर प्रत्येक खाचेत नजरेला न दिसणारी चूक साचत जाते आणि अखेरची खाच ३६०.०९६ अंशांवर, म्हणजे पहिलीला ओलांडून पुढे जाते. चकती वाया. जी-९० आज्ञेने प्रत्येक खाचेचा कोन शून्यापासून स्वतंत्रपणे काढून दिला, तर कोणतीही चूक अर्ध्या सहस्रांश अंशापलीकडे जात नाही. (यंत्राच्या फिरत्या मेजाच्या पोटातही बहुधा मळसूत्र आणि दात्यांचे चाकच असते, रॅम्सडेन यांना ते परके वाटले नसते.)

खाचा बिनचूक कापल्या तरी जयसिंहाची एक तक्रार उरतेच: केंद्र सरकण्याची. चकतीचे मधले छिद्र ०.०५ मिलिमीटर बाजूला पडले आणि खाचा २५ मिलिमीटर त्रिज्येवर असल्या, तर वाचनात दोन्ही बाजूंना सुमारे सात कलांपर्यंत चूक येते. त्यावरचा उपाय जुन्या वेधशाळांनीच शोधला होता. वर्तुळावर समोरासमोरच्या दोन ठिकाणी वाचन करून सरासरी घेतली की केंद्राची चूक परस्पर कटते. अचूक एन्कोडरांमध्ये आजही संवेदक तसेच समोरासमोर बसवितात.