पांझरेकांठचे फड

खानदेश व बागलाण या भागांत, पांझरा, मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं, शेतीस पाणी देण्याची फडपद्धति कित्येक पिढ्या चालत आली. नदीच्या पात्रांत दगडी बंधारा घालावयाचा आणि त्यानें अडविलेलें पाणी पाटानें शेतांवर न्यावयाचें, एवढीच तिची बाह्य रचना. बंधारा बांधणें हें गवंड्याचें काम. परंतु पाणी आटूं लागल्यावर साऱ्या गांवानें तें न भांडतां वांटून घेणें, हें त्याहून कठीण काम होय. तें साधलें कसें?

याचें उत्तर जमिनीच्या मांडणींत सांपडतें. बंधाऱ्याखालीं भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणत. थळाचे बहुधा तीन-चार फड असत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. एक फड उंसाचा, तर दुसरा गव्हाचा. आणि वर्षागणिक पिकांचा फेरपालट करावयाचा. शक्यतों प्रत्येक शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाणी थोडें असलें तर एखादा फड कोरडा ठेवीत. अशा वेळीं तोटा पाटाच्या शेवटीं असलेल्या एकट्या गरिबाच्या माथीं न बसतां सर्वांत वांटला जाई. शेजाऱ्याचें हित तेंच आपलें हित, हें येथें उपदेशानें शिकवावें लागत नसे. शेताचे बांधच तें शिकवीत.

कारभार गांवचे पंच पाहत. पाटकरी शेतोशेतीं पाणी फिरवी, जागल्या पीक राखी. त्यांची मजुरी धान्यांत मिळे. पाटांतील गाळ सर्वांनीं मिळून काढावयाचा असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या नद्यांवर, वरच्या अंगास, धरणें झालीं. मोसमेवरील हरणबारी हें त्यांपैकींच एक. थळांत विहिरीही वाढल्या. ज्याच्या मळ्यांत स्वतःची विहीर, त्याला फडाच्या पिकाचें बंधन जाचूं लागलें, आणि अनेक ठिकाणीं जुनी शिस्त सैल पडली.

सन २००५ मध्यें महाराष्ट्रानें कायदा करून कालव्याच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोंपविण्याची वाट मोकळी केली. कायद्यानें संस्था उभी राहते, सभासदांची यादी होते, पाणीपट्टीही ठरते. परंतु पाटाच्या तोंडाशीं असलेल्याला शेवटच्या शेताची काळजी वाटावी, अशी व्यवस्था ज्याची त्यानेंच घडवावी लागते. फड बांधणाऱ्यांनीं ती जमिनींतच घडविली होती.