गॅरेजच्या कोब्याला मोठा तडा गेलाय? सिमेंट भरण्याआधी हे तपासा

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. त्यामुळे तडा दिसला की आधी भूकंपाचीच शंका येते. पण जमिनीवरच्या कोब्याचा नेहमीचा शत्रू असतो काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा कोबा हलवते.

तडा वाढतोय का?
दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा लक्ष ठेवा.

काय करायचं?
• रुंदी तीच राहिली: छिन्नीने सैल भाग काढा, धूळ झाडा, पूर्ण सुकल्यावर इपॉक्सी मॉर्टर भरा.
• रुंदी बदलतेय: लवचिक पॉलीयुरेथेन सीलंट भरा. सिमेंट ताणलं जात नाही, ते पुन्हा तडकतं.
• एक बाजू खचली: वरून भरून उपयोग नाही. तेवढा कोबा फोडा, खालची काळी माती काढा, मुरूम थराथराने टाकून पाणी मारून धुम्मस करा, मग नवा कोबा घाला.

छताचं पाणी गॅरेजच्या कडेला मुरू देऊ नका, नाहीतर दुरुस्ती टिकणार नाही.

तडा भिंतीत किंवा कॉलममध्ये चढला असेल, तर मात्र स्वतः काही भरू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.