सानपाड्यातली तांब्याची जोडी

गुरुवार, २९ एप्रिल २००४. संध्याकाळी तुम्ही नवी मुंबईतल्या सानपाडा स्टेशनवर उतरता. सोमवारीच लोकसभेचं मतदान झालंय, बोटावरची शाई अजून गडद आहे. घरी येऊन गावाकडे फोन लावायला रिसीव्हर उचलता, तर कानात मोडेमची किरकिर. आतल्या खोलीतून आवाज येतो, "ठेवा ना फोन! लाइन तुटेल!" मुलगी इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी उतरवून घेतेय. एक पान उघडायला एवढा वेळ लागतो की तोवर चहा होतो. ती नेटवर असेपर्यंत तुमचा २७ने सुरू होणारा नंबर सगळ्यांना एंगेज लागतो.

आता त्या वायरीमागे चालत निघा. भिंतीवरच्या डबीतून ती जिन्यातल्या डीपीच्या पेटीत जाते, तिथून फुटपाथवरच्या, सरकारी टेलिफोन कंपनी एमटीएनएलच्या पिलरमध्ये. पिलरचं दार उघडलं तर आत रंगीत जोड्यांचा गुंता दिसतो, निळ्या-पांढऱ्या, नारिंगी-पांढऱ्या. लाइनमनला मात्र त्यातली तुमची नेमकी ठाऊक असते. पुढे ही जोडी जमिनीखालून एक्स्चेंजमध्ये पोचते आणि एमडीएफच्या, म्हणजे मुख्य जोडणीच्या, उंच लोखंडी चौकटीवर चढते. चौकटीच्या एका बाजूला रस्त्यावरून आलेल्या जोड्या, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजचं यंत्र, आणि मध्ये त्यांना सांधणारी बारीक जम्पर वायर.

इथे थांबा. सगळा प्रश्न या जम्परचा आहे.

तुमच्या आवाजाला त्या तांब्यातली चार किलोहर्ट्झपर्यंतची जागा पुरते. त्यावरची सगळी जागा रिकामी पडून असते, आणि डीएसएल हे इंटरनेटचं तंत्र तीच वापरतं. त्यामुळे फोन आणि इंटरनेट एकाच जोडीवर एकाच वेळी चालतात. मग दुसऱ्या एखाद्या कंपनीने एक्स्चेंजच्या कोपऱ्यात भाडं भरून आपलं यंत्र ठेवलं आणि तुमची जम्पर त्यातून फिरवली, तर? फोन एमटीएनएलचाच राहील, इंटरनेट तुम्ही निवडाल त्याचं. त्यासाठी सानपाड्यातला एकही रस्ता खणावा लागणार नाही.

हे काही स्वप्न नाही. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्याने जुन्या टेलिफोन कंपन्यांना असं दार उघडायला लावलं, युरोपने जानेवारी २००१पासून. जपानमध्ये एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारांवरून २००१मध्ये याहू बीबी ही इंटरनेट सेवा आली आणि बघता बघता तिथलं इंटरनेट जगातल्या सर्वांत स्वस्त आणि वेगवान इंटरनेटमध्ये गणलं जाऊ लागलं. आणि नेमकं आज, तुम्ही रिसीव्हर हातात घेऊन उभे असताना, प्रदीप बैजल यांच्या अध्यक्षतेखालच्या ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दिल्लीत सरकारला हीच शिफारस केली आहे: तांब्याच्या तारा इतरांनाही खुल्या करा.

एमटीएनएल आणि तिची सरकारी बहीण बीएसएनएल यांचा याला विरोध आहे. त्यांचं म्हणणं नीट ऐका, ते पोकळ नाही. केबल आम्ही टाकली, पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खड्ड्यात आमचा माणूस उतरतो, मग मलई दुसऱ्याने का खावी? पण केबल टाकायला पैसा आला कुठून? फोनसाठी आधी पैसे भरून वर्षानुवर्षं यादीत नाव नोंदवून बसलेल्या माणसांकडून, आणि दुसरं कोणी बाजारात नव्हतं त्या काळातल्या बिलांमधून. शिवाय तार फुकट द्या असं कोणीच म्हणत नव्हतं. भाडं मिळणारच होतं.

गुरुवार, १४ ऑक्टोबर २००४. कालच विधानसभेचं मतदान झालंय, बोटावर पुन्हा शाई. मे महिन्यात दिल्लीतलं सरकार बदललं, दयानिधी मारन दूरसंचारमंत्री झाले. आज ब्रॉडबँड धोरण जाहीर होतं. त्यात लिहिलंय की देशात चार कोटी तांब्याच्या जोड्या आहेत, त्यातल्या सुमारे ७० लाख ब्रॉडबँडला योग्य आहेत. तारा खुल्या करण्याची सक्ती मात्र नाही. कंपन्यांनी आपापसांत ठरवलं तर ठरवावं. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या मर्जीवर दार! मला आजही वाटतं की या एका वाक्याने देशाची काही वर्षं वाया घालवली.

जानेवारी २००५मध्ये एमटीएनएलचं ट्राय-बँड येतं, २५६ केबीपीएस. तुमच्या खोलीतली किरकिर थांबते, मुलगी खूश होते, आणि तो आनंद खरा आहे. पण शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या घरात एमटीएनएलची सेवा खराब निघाली तर त्या घराला त्याच तारेवर दुसरा पर्याय नाही. मग गच्चीवरून केबलवाला येतो. जमिनीखाली चांगलं तांबं असताना या गच्चीवरून त्या गच्चीवर काळ्या वायरी लोंबू लागतात. धोरणाचं लक्ष्य होतं २०१०पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहक. तो डिसेंबर उलटतो तेव्हा आकडा एक कोटी दहा लाखांच्या आसपास असतो.

जपून ठेवली म्हणून तार टिकते असं नाही. तांब्याचे कामाचे दिवस मोजके होते, फार तर दहा-बारा वर्षं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं तेव्हा भाड्याने द्यावं असं एमटीएनएलच्या तारेत फारसं उरलंच नव्हतं. ३१ जानेवारी २०२० रोजी एमटीएनएलचे चौदा हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. कुठल्या पिलरमध्ये कुणाची जोडी आहे, हे तोंडपाठ असणारी पिढी त्यांच्यासोबत गेली.

आता आजच्या तारखेला या. तुमच्या सोसायटीच्या जिन्यात फायबर आहे आणि प्रश्न तोच आहे, फक्त एक्स्चेंजमधून तो तुमच्या डक्टमध्ये आलाय. बिल्डरने किंवा कमिटीने एकाच कंपनीशी करार केला असेल, तर दुसरीची वायर वर चढत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम काढले. ते चांगलं पाऊल आहे, पण तुमच्या डक्टचा करार दिल्लीत होत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो मागून घ्या, आणि त्यात इतर कंपन्यांना मनाई आहे का ते वाचा.