नळीतला रंग, फोनवरचा बाण

१९८० च्या आसपासची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मिरजेतल्या आमच्या घरी माजघराच्या कोनाड्यात स्पिरिटचा दिवा, काचेच्या दोन परीक्षानळ्या, लाकडी चिमटा आणि निळ्या द्रावणाची एक बाटली ठेवलेली असे. दादीला मधुमेह होता. तिची नजर अधू झालेली, त्यामुळे रोज संध्याकाळी तिची लघवी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. नळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यायचे, ड्रॉपरने आठ थेंब टाकायचे, चिमट्यात धरून नळी दिव्यावर उकळवायची आणि रंग सांगायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. पुढे पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आतून दादीचा आवाज यायचा, "क्या रंग आया रे?" आणि मी मोठ्या थाटात निकाल जाहीर करायचो.

रमजानचे दिवस होते. दादी रोजे धरत नसे, डॉक्टरांनी मनाई केली होती. त्या संध्याकाळी रंग स्वच्छ निळा आला. मी आनंदाने ओरडून सांगितले. दादीने नेहमीप्रमाणे इन्सुलिन टोचून घेतले, दोन घास खाल्ले आणि झोपली. पहाटे घर सहरीला उठले तेव्हा ती घामाने थबथबली होती, काहीबाही बोलत होती, अब्बांना ओळखत नव्हती. शेजारचे कंपाउंडर धावत आले. "साखर उतरलीय," म्हणाले आणि तिच्या हिरड्यांना साखर चोळू लागले. घर सहरीला जागे होते म्हणून दादी वाचली. मला कोणी रागावले नाही. पण निळा तर चांगला रंग होता! मग झाले काय? हे कोडे कित्येक वर्षे माझ्या मनात राहिले.

उत्तर साधे होते. ते निळे द्रावण स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ च्या सुमारास तयार केले होते. लघवीतली साखर ते बरोबर ओळखते. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडे ती लघवीत सोडतच नाहीत. म्हणजे साखर १५० असो, ९० असो की ४० असो, नळीतला रंग निळाच. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी काही तासांपूर्वीची हकिगत सांगते. दादीच्या नळीने मला खोटे सांगितले नव्हते. तिने मला जुनी बातमी सांगितली होती, आणि ती जुनी आहे हे मात्र सांगितले नव्हते.

आज मधुमेहाचे लाखो रुग्ण दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवतात आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये आपली साखर पाहतात. मी बी.ए. झालेला कवी माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. पण त्या निळ्या रंगामुळे या ॲपपर्यंतची वाट मी कुतूहलाने वाचत आलो आहे. ही वाट शास्त्रज्ञांनी आणि कंपन्यांनी बांधली हे खरेच. पण तिच्या अवघड वळणांवर रुग्ण आणि रुग्णांचे आईबाप उभे दिसतात.

टोरंटोमध्ये १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. मरणाची शिक्षा टळली, पण एक नवी जोखीम आली. इन्सुलिन कमी पडले तर साखर चढते, जास्त झाले तर उतरते, आणि उतरलेली साखर काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. तरीही पुढची चाळीसेक वर्षे घरच्या घरी पाहायला लघवीचा रंग एवढेच साधन होते. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एम्स कंपनीने रक्ताची पट्टी आणली. बोटाचा थेंब पट्टीवर ठेवायचा, बरोबर साठ सेकंद थांबायचे, पाण्याने धुवायचे आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. आता ज्या रोगाने डोळे जातात त्याच्या रोग्याने रंगांच्या छटा ओळखायच्या! म्हणून त्याच कंपनीने १९७० मध्ये पट्टीचा रंग वाचणारे यंत्र काढले. यंत्र दवाखान्यांसाठी होते. रात्री प्रयोगशाळा बंद असताना आलेला बेशुद्ध माणूस दारू प्यालेला आहे की मधुमेही, हे कळावे हा त्याचा एक मोठा उपयोग.

या यंत्राची जाहिरात रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या इंजिनिअरने वाचली. बाराव्या वर्षापासून मधुमेह असलेला हा माणूस. पस्तिशीतच शरीर थकत चाललेले. यंत्राचे वजन तीन पौंड, किंमत साडेसहाशे डॉलर. त्याची तयारी होती, पण कंपनी रुग्णाला यंत्र विकायला तयार नव्हती. डॉक्टर असाल तरच मिळेल. बर्नस्टीन यांची पत्नी डॉक्टर होती, मनोविकारतज्ज्ञ. तिच्या नावाने यंत्र मागवले गेले आणि नवरा दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःचे रक्त तपासू लागला. काय खाल्ल्यावर किती चढते, किती इन्सुलिनने किती उतरते, याची वही त्याने घातली. तब्येत सुधारली. त्यावर लेख लिहिला तर वैद्यकीय नियतकालिकांनी तो परत पाठवला. इंजिनिअरचे कोण ऐकणार? तेव्हा या गृहस्थाने वयाच्या ४५ व्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि डॉक्टर होऊन दाखवले. २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले. स्वतःच्या रक्ताचा आकडा पाहण्यासाठी बायकोच्या पदवीचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट मला एखाद्या कथेसारखी वाटते. पण ती घडलेली आहे.

वारंवार तपासून साखर काबूत ठेवल्याने खरोखर फरक पडतो का, याचे पक्के उत्तर १९९३ मध्ये मिळाले. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवर जवळपास दहा वर्षे चाललेल्या अभ्यासात साखर काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. मूत्रपिंड आणि मज्जातंतूंच्या बाबतीतही मोठा फायदा दिसला. पण याच लोकांमध्ये साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले होते. म्हणजे आमच्या दादीची ती पहाट शास्त्राच्या यशाबरोबरच आली होती.

मग सतत मोजणारा सेन्सर आला. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मिनिमेड कंपनीचे पहिले यंत्र तीन दिवस अंगावर वागवायचे असे. कातडीखालच्या द्रवातली साखर ते दर पाच मिनिटांनी नोंदवी, म्हणजे दिवसाला २८८ आकडे. आणि त्यातला एकही आकडा ते लावणाऱ्याला दिसत नसे! तीन दिवसांनी डॉक्टर संगणकावर नोंदी उतरवून घेत, मग रुग्णाला कळे की परवा रात्री आपण मरता मरता वाचलो. पुढच्या काही वर्षांत आकडा लगेच दाखवणारी यंत्रे आली. पण आकडा दिसे तो जवळच्या एका छोट्या डबीत. डबी वीसेक फुटांच्या आत हवी. मूल शाळेत असले तर डबी शाळेत, आणि आईबाप कामावर, अंधारात.

न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक यांच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये मधुमेह झाला. कॉस्टिक सॉफ्टवेअर इंजिनिअर. २०१३ मध्ये मुलाला नवा सेन्सर लागला तेव्हा त्यांनी डबी केबलने अँड्रॉइड फोनला जोडली, आतली भाषा उलगडली, आकडे इंटरनेटवर पाठवले आणि ऑफिसात बसून मुलाची साखर पाहिली. ट्विटरवर त्यांनी ते सांगितले आणि जगभरचे आईबाप त्यांना विचारू लागले : आम्हालाही देता का? लेन डेसबरो नावाच्या दुसऱ्या एका इंजिनिअर-बापाने घरी असाच पडदा तयार केला होता, त्याचे नाव नाइटस्काउट, म्हणजे रात्रीचा पहारेकरी. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अशी मंडळी जमली आणि एक घोषणा जन्मली : आम्ही वाट पाहत बसणार नाही. पुढच्या वर्षी नाइटस्काउट सर्वांसाठी खुले झाले, फुकट. 'यावर विसंबून औषधाचे प्रमाण ठरवू नका' अशी सूचना त्यासोबत असे. लोक त्यावर विसंबत, हा भाग वेगळा.

या आईबापांनी पडद्याची रचना कशी केली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मध्यभागी मोठा आकडा, कारण रात्री तीनला चष्मा न लावता तो दिसला पाहिजे. आकड्याशेजारी बाण. हा बाण मूळ यंत्रातही होता आणि तो आकड्याइतकाच महत्त्वाचा. ११० आणि आडवा बाण म्हणजे झोपा निवांत. ११० आणि खाली जाणारे दोन बाण म्हणजे साखर मिनिटाला तीनहून अधिक वेगाने उतरते आहे. पाव तासात ती ७० च्या खाली जाईल. आकडा तोच, अर्थ उलटा. आणि तिसरी गोष्ट, अगदी लहान अक्षरांत : हा आकडा किती मिनिटांपूर्वीचा. नवी नोंद बराच वेळ आली नाही तर नाइटस्काउट त्या आकड्यावर आडवी रेघ मारते. आकडा दिसतो, पण खोडलेला. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा थबकलोच. आमच्या निळ्या नळीला नेमकी हीच रेघ नव्हती. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे यंत्राने सांगणे, ही अशा ॲपची पहिली जबाबदारी आहे असे मला वाटते. सुंदर आलेख त्यानंतर.

सिॲटलच्या डेना लुईस यांची अडचण आणखी साधी होती. त्यांची झोप गाढ आणि यंत्राचा गजर हळू. गजर मोठा करता यावा म्हणून त्यांनी कॉस्टिक यांच्याकडून आकडे बाहेर काढण्याची युक्ती घेतली. मग पुढे काय होईल याचा अंदाज बांधणारे गणित जोडले आणि २०१५ पर्यंत स्कॉट लीब्रँड यांच्या साथीने इन्सुलिनचा पंप आपोआप चालवणारी घरगुती प्रणाली सर्वांसाठी खुली केली. गजराच्या आवाजापासून निघालेली गोष्ट कुठे पोचली पाहा.

कंपन्याही जाग्या झाल्या. २०१५ मध्ये डेक्सकॉमच्या सेन्सरला डबीशिवाय थेट फोनशी बोलण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या तेव्हाच्या ॲपमध्ये साखर ५५ ला आली की होणारा गजर बंदच करता येत नसे. नाटक पाहत असा की नमाज पढत असा, तो वाजे. याउलट ॲबटच्या २०१४ मधल्या लिब्रे सेन्सरवर वाचकयंत्र फिरवले तरच तो आकडा सांगे. न विचारता बोलत नसे. शांत, सभ्य, स्वस्त. पण झोपलेला माणूस विचारणार कसा? २०१८ च्या नव्या आवृत्तीत त्यालाही गजर द्यावा लागला.

गजरावर भरवसा बसला की त्याचे न वाजणेही बातमी होते. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर, अमेरिकेत सणाची सुट्टी असताना, डेक्सकॉमचे सर्व्हर मध्यरात्रीनंतर बंद पडले. रुग्णाच्या स्वतःच्या फोनवर आकडे येत होते, पण आईबापांच्या फोनवर काही जात नव्हते. अनेक घरी माणसे निर्धास्त झोपली होती. फोन गप्प आहे म्हणजे सगळे ठीक. पुन्हा निळा रंग!

आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी दिला. त्यातल्या बहुतेकांना असा सेन्सर कधी लागणार नाही, आणि ज्यांना हवा त्यांतल्या पुष्कळांना परवडणार नाही. दोन आठवडे चालणाऱ्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. माझ्या बहिणीने मात्र काटकसर करून तो घेतला. तिची मुलगी पुण्याला शिकते, लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. मुलीचा आकडा मिरजेत आईच्या फोनवर दिसतो.

पहिल्याच महिन्यात पहाटे तीनला आईचा फोन किंचाळला : ५४. बहिणीने मुलीला उठवले, वसतिगृहाच्या बाईंना उठवले. मुलीने बोट टोचून पाहिले तर ११८. ती सेन्सरच्याच कुशीवर झोपली होती. दाब पडला की सेन्सर खोटी घसरण दाखवतो. मग दिवसाही फोन सुरू झाले. जेवलीस का? काय खाल्लंस? १९० कशानं झाली? शेवटी भाचीने मला गाठले. "मामू, मी काय रेडिओ स्टेशन आहे का, चोवीस तास ऐकायला? अम्मीला सांगा, नाहीतर मी तिला बंद करून टाकते." तसे एका बोटात करता येते, हेही तिने दाखवले.

दोघींचे म्हणणे मला पटत होते. ज्या आकड्यासाठी बर्नस्टीनना बायकोचे नाव लावावे लागले, तो आकडा आता मुलीच्या हातात होता आणि तिला तो स्वतःजवळ ठेवायचा होता. आणि बहिणीने तिच्या लहानपणी दादीची ती पहाट माझ्याशेजारी उभी राहून पाहिली होती. दिवाळीच्या सुट्टीत दोघींना समोरासमोर बसवले. तासभर भांडण झाले, मग तह झाला. साखर ७० च्या खाली गेली तरच आईच्या फोनवर इशारा. एरवी आईने ॲप उघडायचे नाही आणि जेवणाबद्दल अवाक्षर काढायचे नाही.

बहीण हा तह बहुतेक पाळते. मागच्या रमजानात सहरीच्या वेळी मी तिच्याकडे होतो. चहा गाळता गाळता तिने हळूच फोन उघडला, माझी नजर चुकवून. आकड्याखाली लिहिले होते, ३५ मिनिटांपूर्वी. तिने पाच मिनिटे वाट पाहिली आणि फोन लावला. भाची झोपेतच बोलली, "अगं अम्मी, फोन चार्जिंगला लावलाय पलीकडच्या खोलीत." मग उठून गेली असावी. थोड्या वेळाने तिने आकडा सांगितला, आणि बाण आडवा आहे हेही सांगितले.