स्वयंसेवकाच्या शिक्षणाचा खर्च कोणी करायचा?

१९०९ साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात रोआनोक नदीत एक होडी उलटली आणि त्यातील दोघे बुडून मेले. काठावर माणसे होती, पण काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. हे पाहणाऱ्यांत ज्युलियन स्टॅनली वाइज नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता. पुढे तो रेल्वेत नोकरीला लागला आणि १९२८ साली सहकाऱ्यांना जमवून त्याने रोआनोक गावी एक बचाव पथक काढले. त्यात कोणालाही पगार नव्हता. अमेरिकेतील स्वयंसेवी बचाव पथकांच्या चळवळीचा आरंभ सामान्यतः येथून धरतात.

अशा कामाला गावातलाच माणूस का लागतो, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. हृदय बंद पडले की चार-सहा मिनिटांतच प्राणवायूअभावी मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात शहरातून रुग्णवाहिका येणे अशक्यच. तोंडाने श्वास देण्याची पद्धत पीटर सफार यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांनी सिद्ध केली, तर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. दोन्हींना उपकरण लागत नाही. लागतो तो सराव, आणि तो पुस्तक वाचून होत नाही. शिकवणारा हवा, पुतळा हवा, जागा हवी, काही काळाने उजळणीही हवी. स्वयंसेवक आपला वेळ फुकट देतो. त्याचे शिक्षण मात्र फुकट होत नाही.

हा प्रश्न अमेरिकेच्या सरकारपुढे ठळकपणे आला तो १९६६ साली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका अहवालाने आकडे मांडले: एकट्या १९६५ या वर्षात अपघातांत १,०७,००० माणसे मेली होती, त्यांतील ४९,००० रस्त्यांवर. त्याहूनही चमत्कारिक बाब म्हणजे देशातील जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवीत होते! कारण साधे होते: आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. जखमीला उचलून आणणाऱ्याला काय यावे, याचा देशभर सारखा असा दंडकच नव्हता.

त्याच वर्षी महामार्ग सुरक्षा कायदा झाला. म्हणजे जखमींच्या शुश्रूषेचा पैसा आरोग्य खात्यातून नव्हे, तर रस्त्यांच्या दारातून आत आला. कायद्यात एक मेखही होती. जे राज्य सुरक्षेचा कार्यक्रम राबवणार नाही, त्याच्या रस्तेबांधणीच्या केंद्रीय अनुदानाला दहा टक्के कात्री लागू शकत होती. आमच्या मते नुसत्या उपदेशाने जे झाले नसते ते या धाकाने झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी परिवहन खात्याने ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’साठी ८१ तासांचा अभ्यासक्रम प्रचारात आणला. १९७३ च्या दुसऱ्या कायद्याने प्रादेशिक आपत्कालीन सेवा उभारण्यास अनुदान दिले. त्याच्या पंधरा घटकांत मनुष्यबळाचे प्रशिक्षण हा एक होता.

आता एक हिशेब करू. दिवसभर शेत किंवा दुकान सांभाळून आठवड्याच्या दोन संध्याकाळी तीन-तीन तास वर्गाला येणाऱ्या माणसाला ८१ तास म्हणजे साडेतेरा आठवडे. १९९४ साली अभ्यासक्रम ११० तासांचा झाला, म्हणजे अठरा आठवड्यांहून जास्त. २००९ च्या शैक्षणिक मानकांत अंदाज १५० ते १९० तासांचा आहे. म्हणजे सहा-सात महिने. ही वाढ अनाठायी नव्हती, नवे उपचार आले तसे शिकायचेही वाढले. पण त्या संध्याकाळी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत, त्या स्वयंसेवकाच्या घरातून जातात. निदान वर्गाची फी आणि पुस्तके तरी त्याच्या खिशातून जाऊ नयेत, एवढे म्हणणे रास्त आहे.

नेमक्या याच बाबतीत केंद्राने हात आखडता घेतला. १९८१ च्या कायद्याने आपत्कालीन सेवेचे स्वतंत्र अनुदान आरोग्याच्या एका सामाईक अनुदानात मिसळले आणि त्यातून कशावर किती खर्चायचे ते राज्यांवर सोडले. प्रतिबंधक आरोग्याची इतर कामेही त्याच थैलीतून व्हायची होती. राज्यांचे मार्ग वेगवेगळे झाले ते यानंतर.

वाइजच्या व्हर्जिनियाने पुन्हा रस्त्याचाच आधार घेतला. वाहनाच्या वार्षिक नोंदणीबरोबर तेथे आपत्कालीन सेवेसाठी एक लहानशी रक्कम घेतात. आधी ती एक डॉलर होती, मग दोन. पुढे चार झाली. जमा झालेल्या पैशाचा सुमारे चौथा हिस्सा, वाहन ज्या गावात वा परगण्यात नोंदलेले असेल तेथे परत जातो. स्थानिक स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला आणि पथकाच्या साधनसामग्रीला तो वापरता येतो.