साठवणीचा हिशेब

दिल्लीच्या सरकारी वसाहतींत उन्हाळ्याच्या रात्री वीज गेली की घरोघरी इन्व्हर्टर चालू होतो आणि पंखा पूर्ववत् फिरत राहतो. मागे एकदा आमच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झाली, तेव्हा दाराशी आलेल्या कबाड्याने ती तोलून नेली. चार पैसे हाती आले आणि व्यवहार पुरा झाला, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. कचेरीत दिवसभर जमाखर्चाच्या फायली उलथ्यापालथ्या करणाऱ्या आम्हांस, ती जड पेटी पुढे कोठे गेली आणि कोणी फोडली, हा प्रश्न काही सुचला नाही. तो सुचला विजेच्या साठवणीचा इतिहास वाचू लागल्यावर.

वीज उत्पन्न करणे हे अर्धेच काम होय. ती ज्या क्षणी उत्पन्न होते त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. नाहीतर दुसऱ्या एखाद्या रूपात तिला कोंडून ठेवावे लागते. इ. स. १८५९ मध्ये गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून, पुन्हा पुन्हा भरता येईल असा पहिला विद्युत्घट सिद्ध केला. १८८१ मध्ये कामिय फोर याने त्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन घटाची धारणशक्ती वाढविली. आमच्या घरातील पेटी त्याच कुळातली. सव्वाशेहून अधिक वर्षांत तिचे बाह्य रूप पालटले, परंतु शिसे आणि आम्ल ही तिची मूळ द्रव्ये मात्र तीच राहिली.

साठवणीचा दुसरा मार्ग पाण्याचा. सह्याद्रीवर पाऊस चार महिने कोसळतो, पण मुंबईच्या गिरण्यांना वीज बारा महिने हवी होती. जमशेटजी टाटांनी मनाशी धरलेली ही योजना त्यांच्या निधनानंतर, १९१५ मध्ये, खोपोलीस फळास आली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत अडविलेले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर जनित्रे फिरविण्यात आली. हे तलाव म्हणजे एका अर्थी डोंगरमाथ्यावर ठेवलेले प्रचंड विद्युत्घटच होत.

परंतु यापुढचा तलाव मुळशीस व्हावयाचा होता, आणि तेथे माणसे राहत होती. भाताची खाचरे, देवळे, पिढ्यान् पिढ्यांची घरे, अशी पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे 'सेनापती' म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले व त्यांनी त्यापायी तुरुंगवासही भोगिला. अखेर धरण झाले, आणि १९२७ मध्ये त्या पाण्यावर भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुंबईच्या जमेस जी वीज लागली, तिची किंमत मुळशीकरांच्या नावे खर्ची पडली. विजेसाठी पाणी साठविण्याची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न आपल्या प्रांतात इतक्या उघडपणे त्यापूर्वी क्वचितच विचारला गेला असेल.

साठवणीचा तिसरा प्रकार या दुसऱ्यातूनच निघाला. डोंगरावर एक व पायथ्याशी एक असे दोन जलाशय बांधावयाचे. वीज शिल्लक असेल तेव्हा तिच्या बळावर पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडावयाचे. तमिळनाडूतील कदंबराई येथे असे ४०० मेगावॅटचे केंद्र आहे. पश्चिम बंगालमधील आमच्या वाचकांपैकी कोणी पुरुलियाच्या अयोध्या डोंगरात फिरून आले असतील, तर तेथील ९०० मेगावॅटचा प्रकल्प त्यांच्या पाहण्यात असेल. आपल्याकडे घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. या रीतीत शंभर युनिटे खर्चावी तेव्हा पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. निव्वळ आकड्यांत हा तोटा दिसतो. परंतु निरुपयोगी वेळेची वीज नेमक्या निकडीच्या वेळी हाती येते, हाच त्यातील लाभ होय.

आज ही निकड पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला. भारताने २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२५ च्या आरंभी देशाची सौर क्षमता एक लक्ष मेगावॅटच्या पुढे गेली. ही गोष्ट अभिमानाचीच. मात्र सूर्य मध्यान्ही भरभरून देतो, आणि घरोघरी दिवे लागावयाच्या वेळी मावळतो. म्हणून पुन्हा साठवण आली. तिच्यासाठी १९९१ पासून बाजारात असलेल्या लिथियम-आयन घटांकडे जग पाहत आहे. त्यांच्या तिघा निर्मात्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटांना आणि सौर तावदानांनाही आयुष्याची मर्यादा आहे. तावदान साधारण पंचवीस वर्षे चालते. त्यात काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, थोडी चांदी व जोडकामात किंचित शिसे असते, आणि हे सारे एकमेकांस इतके घट्ट चिकटविलेले असते की वेगळे करणे कष्टाचे व खर्चाचे ठरते. २०२२ मध्ये बॅटऱ्यांच्या व विजेच्या उपकरणांच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने नवे नियम केले आणि त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. सौर तावदानेही त्यांच्या कक्षेत आली. नियम योग्यच आहेत. पण नियमाचा कागद आणि कबाड्याचा तराजू यांच्यात किती अंतर असते, हे आम्हां कारकुनांना कोणी सांगावयास नको.

शिसे जवळजवळ पुरतेपणी परत मिळविता येते, ही त्याची थोरवी. मात्र चोरट्या भट्टीत ते वितळविले, आम्ल मातीत ओतून दिले, की तेच विष होते. २०२० मध्ये युनिसेफने सहप्रकाशित केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि निकामी बॅटऱ्यांची बेपर्वा मोडतोड हे त्याचे एक मोठे कारण आहे.

यावरून सूर्याची वीज नको, असे आम्ही म्हणत नाही. दिल्लीतील बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र २०१८ मध्ये बंद झाले, तरी त्याची राख मागे उरलीच होती. आमचे म्हणणे इतकेच की मुळशीस जो हिशेब धरण बांधण्यापूर्वी मांडावयास हवा होता, तो या वेळी तरी आधी मांडला जावा. तावदान बसविताना ते उतरविण्याचा खर्च त्याच पानावर लिहिला जावा.

इन्व्हर्टरची नवी बॅटरीही आता थकत आली आहे. ती आम्ही दुकानदारास परत करून पावती घेणार आहोत. कबाड्यापेक्षा पैसे कदाचित् कमी मिळतील. ते आम्ही खर्ची टाकू.